शेताच्या बांधावरचा पाठ

वर्ध्यात २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी शिक्षण परिषद भरली. त्यानंतर डॉ. झाकीर हुसेन समितीने आखलेल्या अभ्यासक्रमात हस्तोद्योग, निसर्ग आणि समाज ही तीन केंद्रे मानली गेली. तकलीवर सूत कातताना मुलाने त्यातूनच गणित व भूगोल शिकावा, ही 'नई तालीम'ची दृष्टी होती. शिकणारा कोठे आहे, काय करीत आहे, हे ओळखून त्याच क्षणी उपयोगी पडेल ते शिकविणे, असे आज मोबाईलच्या साहाय्याने होणाऱ्या संदर्भानुसारी शिक्षणाचे वर्णन केले जाते. कल्पना वर्धेकरांना तशी नवी नाहीच!

मोबाईलला परिसर कळतो तो सेन्सरमुळे. जीपीएस ठिकाण सांगते, कॅमेरा समोरची वस्तू टिपतो. शेतात रोवलेले सेन्सर मातीतील ओलावा मोजतात. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसच्या 'एम-कृषी'ने २००० नंतरच्या दशकातच छायाचित्र, आवाजातील प्रश्न व हवामानाच्या नोंदी तज्ज्ञांपर्यंत एकत्र पोहोचविल्या होत्या.

कापूसपट्ट्याला अधिक जवळचे उदाहरण गुलाबी बोंडअळीचे आहे. २०१७ मध्ये या अळीने विदर्भात हाहाकार माजविला. मादीच्या गंधासारखे रसायन लावलेल्या कामगंध सापळ्यात नर पतंग अडकतात. सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात आठ पतंग आढळले, की उपाय योजण्याची वेळ आली असे समजतात. वाधवानी एआय संस्थेचे 'कॉटनएस' हे ॲप सापळ्यातील पतंगांच्या छायाचित्रावरून त्यांची मोजणी करून सल्ला देते. या कामासाठी संस्थेला २०१९ मध्ये गुगलचे अनुदान मिळाले.

मात्र, मोबाईलने नुसते 'फवारा' म्हटले तर ती आज्ञा झाली, शिक्षण नव्हे. पतंग किती व मर्यादा कोणती, हे दिसले तरच शेतकरी पुढच्या वेळी स्वतः मोजून पडताळा घेऊ शकतो. पाठ्यपुस्तकांवरील क्यूआर कोडलाही हीच अडचण आहे. त्याला पान कळते, पण खिडकीबाहेरची पऱ्हाटी कळत नाही.

शिवाय कॅमेऱ्याला बोंडाच्या आतले दिसत नाही. किडलेले बोंड बाहेरून बहुधा निरोगीच वाटते. त्यासाठी एकरी वीस हिरवी बोंडे तोडून फोडायची. दोहोंत जिवंत अळी निघाली, तर फवारणीची वेळ झाली.