चाळीस दिवस, मोबाइल बॅगेत

राखेच्या बुधवारी कपाळावर गेल्या वर्षीच्या झावळ्यांची राख लागली आणि मी ठरवलं, यंदा उपवासकाळात मटणासोबत मोबाइलही सोडायचा! निदान लोकलमध्ये तरी. मटणाचं सोपं असतं हो, आमच्या वसईत घरोघरी सोडतात. पण तारापूर एमआयडीसीतली ड्युटी संपवून बोईसरला गाडीत बसलं की हात आपोआप बॅगेकडे. पहिला आठवडा नुसती चुळबुळ. उमरोळी, पालघर, केळवे रोड, सफाळे... स्टेशनं एवढी लांब असतात?

मग एका संध्याकाळी वैतरणेच्या पुलावर प्रार्थना सुरू झाली. पप्पा गेल्यापासून ती बंदच होती. रोज कानात इयरफोन, आठवायला वेळ कुठे? त्या दिवशी देवाशी चक्क भांडलो. विरारला उतरताना शेजारच्याने विचारलं, ‘‘बरं वाटत नाही का?’’