रूळ गेले, वाट उरली

स्पेनच्या दक्षिणेस, अंडालुसियाच्या डोंगराळ भागात, पुएर्तो सेर्रानो ते ओल्वेरा या दोन गावांदरम्यान सुमारे 36 किलोमीटरचा एक लोहमार्ग आहे. त्यावर तीस बोगदे आहेत, दऱ्यांवर उंच पूल आहेत, ठिकठिकाणी स्थानकांच्या देखण्या इमारती आहेत. मात्र या मार्गावरून आजवर एकही आगगाडी धावलेली नाही.

1920 च्या दशकात हुकूमशहा प्रिमो दे रिव्हेरा याच्या राजवटीत खेरेस ते आल्मारखेन हा मार्ग आखला गेला. प्रिमो दे रिव्हेरा स्वतः खेरेसचाच. शेकडो मजुरांनी डोंगर पोखरले, दगड रचले. पुढे जागतिक मंदी आली, पाठोपाठ 1936 मध्ये यादवी युद्ध पेटले आणि काम थांबले. युद्धानंतर मोटारलॉऱ्यांचे युग अवतरल्यावर तर या मार्गाची कोणाला निकडच उरली नाही. खोदलेले बोगदे आणि बांधलेले पूल अनेक दशके तसेच पडून राहिले. भांडवल पूर्ण गुंतलेले आणि उत्पन्न शून्य, अशा मालमत्तेचे काय करावे, हा प्रश्न कोणाही व्यापाऱ्याच्या परिचयाचा आहे.

स्पेनपुढे हा प्रश्न एका मार्गापुरता नव्हता. तोट्यातील लोहमार्ग बंद करण्याचा निर्णय तेथील सरकारने घेतला आणि 1985 च्या आरंभी नऊशे किलोमीटरहून अधिक लांबीच्या मार्गांवरील प्रवासी व मालवाहतूक एकदम थांबली. त्याआधीही खाणींचे आणि अरुंद मापाचे कितीतरी मार्ग बंद पडले होते. 1993 मध्ये मोजदाद झाली तेव्हा वापरात नसलेल्या मार्गांची लांबी साडेसात हजार किलोमीटरच्या पुढे भरली. त्याच वर्षी स्पॅनिश रेल्वे प्रतिष्ठानाच्या समन्वयाने या मार्गांचे रूपांतर सायकलस्वार व पादचाऱ्यांच्या वाटांमध्ये करण्याचे काम सुरू झाले. या वाटांना ‘व्हिआ व्हेर्दे’, म्हणजे हिरवी वाट, असे नाव मिळाले. नावाचे मोल ओळखून प्रतिष्ठानाने त्याची व्यापारचिन्ह म्हणून रीतसर नोंदणीही करून घेतली. आज अशा वाटांची एकूण लांबी तीन हजार किलोमीटरच्या वर गेली आहे.

लोहमार्गाच्या जागेचे दोन गुण या कामी आले. पहिला गुण चढाचा. वाफेच्या इंजिनाला तीव्र चढ झेपत नसे, म्हणून अभियंत्यांनी डोंगर आला की बोगदा खोदला, दरी आली की पूल टाकला आणि साधारणपणे शंभर मीटर अंतरात दोन-तीन मीटरहून अधिक चढ येऊ दिला नाही. इंजिनासाठी केलेली ही सोय आता आजोबांच्या गुडघ्यांना आणि दहा वर्षांच्या नातवाला सारखीच लाभते. मोटारींना येथे प्रवेश नाही. काही तुकड्यांवर शेतात जाणारे शेतकऱ्याचे वाहन तेवढे दिसते.

दुसरा गुण मालकीचा, आणि तो अधिक मोलाचा. काही मीटर रुंदीची ही पट्टी शेकडो खासगी शेतांमधून अखंड जाते आणि बव्हंशी सार्वजनिक मालकीची राहिली आहे. अशी पट्टी एकदा तुकड्यातुकड्यांनी विकली गेली, नांगराखाली गेली किंवा तिच्यावर रस्ता झाला, की ती पुन्हा जुळवणे जवळजवळ अशक्य. स्पेनमध्येही सगळे वाचले नाही. कित्येक वाटा मध्येच तुटतात आणि स्वाराला तेवढ्यापुरते डांबरी रस्त्यावर यावे लागते. बाकीची जागा विकून न टाकता स्थानिक नगरपालिका आणि प्रांतिक परिषदांच्या ताब्यात दिली गेली, म्हणून उर्वरित वाटा उभ्या राहू शकल्या.

व्यापारी मनाला सर्वाधिक रुचावी अशी कहाणी पूर्वेकडील ओखोस नेग्रोसच्या वाटेची आहे. ओखोस नेग्रोस म्हणजे ‘काळे डोळे’. तेरुएल प्रांतातील या गावी लोहखनिजाच्या खाणी होत्या. त्या चालवण्यासाठी बिल्बाओच्या सोता आणि आझ्नार या उद्योजकांनी 1900 मध्ये कंपनी स्थापली. खनिज समुद्रापर्यंत न्यायचे तर आरागोनच्या रेल्वे कंपनीचा मार्ग जवळूनच जात होता. पण भाड्याच्या दरावर दोघांचे जमेना. अखेर खाणमालकांनी सागुंतोच्या किनाऱ्यापर्यंत सुमारे दोनशे किलोमीटरचा स्वतःचा लोहमार्ग घातला आणि तेथे धक्काही बांधला. 1907 पासून दोन मार्ग बराच पल्ला जवळजवळ शेजारून धावू लागले. भाड्यातील काही पैशांसाठी एवढा खर्च योग्य होता का, यावर आजही दोन्ही बाजूंनी हिशोब मांडता येईल. 1972 मध्ये खाणीचा मार्ग बंद झाला आणि खनिज अखेर शेजारच्याच, एव्हाना सरकारी झालेल्या, मार्गाने जाऊ लागले. आज खाणीच्या रिकाम्या मार्गावर स्पेनमधील सर्वांत लांब हिरव्या वाटांपैकी एक आहे. अनेक सायकलस्वार शेजारच्या, अजून चालू असलेल्या, मार्गावरील गाडीने वर पठारावर जातात आणि खाणीच्या मार्गाने उतरत समुद्राकडे येतात.

खाएन ते पुएन्ते खेनिल ही 128 किलोमीटरची ‘तेलाची वाट’ तुलनेने सोपी आहे. 1890 च्या दशकातील हा लोहमार्ग ऑलिव्ह तेलाची वाहतूक करी. खाएन प्रांतात ऑलिव्हची सहा कोटींहून अधिक झाडे आहेत. दिवसभर सायकल चालवूनही रांगा संपत नाहीत, आणि खरे सांगायचे तर काही वेळाने डोळे थोडे कंटाळतातही. मग एखादा लोखंडी पूल येतो आणि शीण जातो.

ओल्वेराच्या वाटेला असा कंटाळा ठाऊक नाही. वाटेवर साफ्रामागोनचा सुळका उभा आहे आणि त्याच्या कपारींत ग्रिफन गिधाडांची मोठी वसाहत आहे. जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या औषधामुळे भारतातील गिधाडे काही वर्षांत नव्वद टक्क्यांहून अधिक घटली आणि 2006 मध्ये आपल्याकडे त्या पशुऔषधावर बंदी आली. त्यामुळे डोक्यावर घिरट्या घालणारे हे थवे भारतीय प्रवाशाला अधिकच थबकवतात.

या वाटांनी खेडी वाचली का? आतील स्पेनमधील गावे दशकानुदशके ओस पडत आहेत. तरुण शहरांकडे जातात, शाळा बंद होतात. एक सायकलवाट हा प्रवाह उलटवू शकत नाही, आणि तसा दावा करणे भाबडेपणाचे ठरेल. परंतु पुएर्तो सेर्रानो आणि ओल्वेरा येथील स्थानकांत आता खानावळ आणि मुक्कामाची सोय आहे, सायकली भाड्याने मिळतात. जेथे काहीच नव्हते तेथे चार-दोन कुटुंबांची चूल या येण्याजाण्यावर पेटते.

सहकुटुंब जाणाऱ्यांनी मार्च ते मे किंवा ऑक्टोबर हा काळ निवडावा. उन्हाळ्यात अंडालुसियात पारा चाळीस अंशांवर जातो. ओल्वेराहून पुएर्तो सेर्रानोकडे निघाल्यास बराचसा उतार लाभतो. एक बोगदा जवळजवळ किलोमीटरभर लांब आहे, म्हणून सायकलला दिवा हवाच. न्याहारीला टोमॅटो आणि ऑलिव्ह तेल लावलेला भाजका पाव सर्वत्र मिळतो. मात्र ‘सिन आखो’, म्हणजे लसूण नको, आणि ‘सिन सेबोया’, म्हणजे कांदा नको, हे आधीच सांगावे. रात्रीचे स्वयंपाकघर साडेआठ-नऊच्या आधी क्वचितच उघडते. सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्यांनी म्हणूनच दुपारी दोन-तीनचे जेवण मुख्य धरावे आणि संध्याकाळसाठी फळे, बदाम, पाव सकाळीच घेऊन ठेवावेत. भर दुपारी खेड्यातील दुकाने बंद असतात आणि रविवारी बहुतेक उघडतच नाहीत.