दीना काय म्हणाली?

बायबलमधल्या 'उत्पत्ती'चा ३४वा अध्याय काढा आणि त्यात दीनाच्या तोंडचं एक वाक्य शोधून दाखवा. सापडणार नाही. ३१ वचनांत बाप बोलतो, भाऊ बोलतात, शखेम बोलतो, त्याचा बाप हमोरही बोलतो. जिच्यावरून सगळं घडतं ती याकोब-लेआची मुलगी गप्प. शखेम तिला नेतो, भोगतो, मग लग्नाची मागणी घालतो. भाऊ अट घालतात, गावातल्या सगळ्या पुरुषांनी सुंता करून घ्या. आणि तिसऱ्या दिवशी, ते वेदनेत असताना, शिमोन आणि लेवी सगळ्यांना कापून काढतात.

ही मोकळी जागा अनिता डायमंट यांनी १९९७ साली 'द रेड टेंट' या कादंबरीत भरली. गोष्ट दीनाच सांगते. याकोबाच्या चौघी बायका पाळीच्या दिवसांत लाल तंबूत एकत्र राहतात, तिथे ती आयांच्या गोष्टी ऐकत वाढते, सुईणपण शिकते. आणि शखेम शहरातल्या राजपुत्रावर तिचं प्रेम बसतं. म्हणजे बलात्कार झालेलाच नाही!

माझं पीएचडीचं काम हरवलेल्या आकड्यांवर आहे. आजूबाजूचे आकडे बघून अंदाज भरता येतो, पण भरलेला आकडा मोजलेला म्हणून खपवायचा नसतो. त्यामुळे कादंबरी वाचतानाही तीच सवय.

तंबूचंच बघा. 'उत्पत्ती'त तो कुठेच नाही. पण पाळी आहे. ३१व्या अध्यायात राहेल बापाच्या कुलदेवतांच्या मूर्ती चोरते, उंटाच्या खोगिरात लपवते आणि वर बसून सांगते की पाळी आलीये, उठता येत नाही. लाबान बिचारा बाकीचा तंबू धुंडाळत राहतो. म्हणजे तंबू कल्पनेतला असला तरी शेजारच्या नोंदीला धरून आहे. (तंबूतला सोहळा वाचताना मला मात्र गडचिरोलीतली कुर्माघरं आठवली. पाळीत बाईला तिथे वेगळं बसावं लागतं, आणि त्यात सोहळा काही नाही.)

प्रेमाचं तसं नाही. मूळ हिब्रू क्रियापद आहे 'इन्ना'. काही अभ्यासक म्हणतात, त्याचा अर्थ बलात्कारच असं नाही, बाईची पत घालवणं असाही होतो. इतरांना ते पटत नाही. तुलनेला २ शमुवेल १३ मधली तामार घ्या. तिथेही हेच क्रियापद आहे, पण अम्नोनने जबरदस्ती केली हे स्पष्ट लिहिलंय, आणि तामार तोंडाने नाही म्हणते. दीनाच्या बाबतीत या दोन्ही नोंदी नाहीत. म्हणजे प्रेम होतं हा अर्थ अशक्य नाही, पण शब्दांतून तो निघतो असंही नाही.

मला खटकतं ते हे: इतकी शतकं गप्प ठेवलेल्या बाईला आवाज दिला, तर तिने सांगावं काय, तर माझी संमती होती? तरी लेखिकेची निवड मी सरळ खोडूही शकत नाही. कारण तिसऱ्या वचनात म्हटलंय की शखेमचा दीनावर जीव जडला आणि तो तिच्याशी गोड बोलला. त्यावर ती काय म्हणाली, ते तिथेही नाही.