रांगोळीचे ठिपके संगणकावर

बालमित्रांनो, गाडीच्या नंबरप्लेटवर रेडियमची अक्षरं लावून देणाऱ्या दुकानापुढे तुम्ही कधी रेंगाळला आहात का? तिथं संगणकाला जोडलेलं एक लांबट यंत्र असतं. त्यातून रंगीत स्टिकरचा कागद मागे-पुढे सरकतो आणि एक बारीकसं पातं डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे सरसर पळतं. बघता बघता वाघाचा चेहरा किंवा ‘आईचा आशीर्वाद’ अशी वळणदार अक्षरं कापून तयार!

आता गंमत पाहा. त्या पात्याला वाघ ठाऊक नाही, अक्षर ठाऊक नाही आणि रंगही ठाऊक नाही. त्याला फक्त एवढंच कळतं : इथून निघ, असं वळ, तिथं थांब. अशा सूचनांनी बनलेल्या चित्राला ‘वेक्टर चित्र’ म्हणतात. बँका, शाळा, कंपन्या, क्रीडास्पर्धा यांची बोधचिन्हं, म्हणजे ‘लोगो’, आज याच पद्धतीने तयार होतात. ही पद्धत अवघड नाही बरं का! कंपास आणि पट्टी हाताळता येणाऱ्या कुणालाही ती शिकता येते.

फोटो वेगळा, रांगोळी वेगळी

संगणकावरचा साधा फोटो म्हणजे रंगीत ठिपक्यांचा गालिचा. १०० ठिपके रुंद आणि १०० ठिपके उंच असं चित्र घेतलं, तर त्यात १०,००० ठिपके झाले. हे चित्र पडद्यावर लहान असताना छान दिसतं. पण तेच ओढून दहा फुटी फ्लेक्सवर छापलं, की प्रत्येक ठिपका वीटेएवढा होतो! गोल कडा जिन्यासारख्या पायऱ्यापायऱ्यांच्या दिसू लागतात. गावात, शहरात अनेक पाट्यांवरचं चिन्ह धुरकट दिसतं, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं.

याउलट दारातली ठिपक्यांची रांगोळी आठवा. आई किंवा आजी सांगते, ‘अकरा ठिपके, अकरा ओळी, हा ठिपका त्याला जोड, तो याला जोड.’ ही कृती एकदा कळली, की रांगोळी पाटाभोवती बोटभर काढा किंवा सगळं अंगण भरून काढा. आकार बदलला तरी रेघ तितकीच रेखीव! वेक्टर चित्र अगदी असंच असतं. त्यात चित्र साठवलेलं नसतं, चित्र काढण्याची कृती साठवलेली असते. वर्तुळ असेल तर संगणक फक्त केंद्र, त्रिज्या आणि रंग लक्षात ठेवतो. मोठं हवं असेल तर तो नव्याने काढून देतो.

मोटारीच्या कारखान्यातली वळणं

सरळ रेघेला दोन ठिपके पुरतात, पण वळणाचं काय? ते संगणकाला कसं सांगायचं? हा प्रश्न पहिल्यांदा चित्रकारांना नव्हे, मोटारी बनवणाऱ्यांना पडला. फ्रान्समधल्या सित्रोएन कंपनीत पॉल द कास्तेलजो या गणितज्ञाने १९५९ साली वळणं मोजण्याची एक युक्ती शोधली. पण कंपनीने ती गुप्त ठेवली. पुढे त्याच देशातल्या रेनॉ कंपनीत पिएर बेझिए या इंजिनिअरने १९६० नंतरच्या दशकात त्याच जातीची वळणं वापरली आणि ती उघडपणे जगापुढे मांडली. म्हणून त्या वळणांना नाव मिळालं ‘बेझिए वक्र’.

मोटारीच्या पत्र्यासाठी शोधलेलं हे वळण पुढे अक्षरांत आणि चित्रांत शिरलं. १९८७ साली अ‍ॅडोबी इलस्ट्रेटर आणि १९८९ साली कोरलड्रॉ ही सॉफ्टवेअर आली. आपल्याकडच्या डीटीपीच्या दुकानांत लग्नपत्रिका करणारे दादा-ताई कोरलड्रॉ चालवताना तुम्ही पाहिलेही असतील. ही दोन्ही विकत घ्यावी लागतात. पण २००३ साली सुरू झालेलं ‘इंकस्केप’ हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि शिकायला ते पुरेपूर आहे.

आधी पट्टी-पेन्सिल काढा

संगणक सुरू करण्याआधी एक प्रयोग कागदावर करा. काटकोनात दोन रेघा काढा, प्रत्येकी १० सेंटिमीटर लांब. एक आडवी, एक उभी. कोपऱ्यापासून दोन्ही रेघांवर दर सेंटिमीटरला खूण करा आणि १ ते १० आकडे घाला. आता आडव्या रेघेवरचा ९ हा उभ्या रेघेवरच्या १ ला पट्टीने जोडा. मग ८ हा २ ला, ७ हा ३ ला, ६ हा ४ ला. नियम एकच : दोन आकड्यांची बेरीज १० आली पाहिजे.

सगळ्या रेघा काढून झाल्यावर कागद जरा लांब धरा. काय दिसतं? तुम्ही एकही वळण काढलेलं नाही, सगळ्या रेघा सरळच आहेत. तरी त्यांच्या कडेने एक सुरेख वळण उमटलेलं आहे! हाच बेझिए वक्र. कोपरा जणू वळणाला आपल्याकडे ओढत होता. कोपरा हलवून पुन्हा रेघा काढा, वळण बदलेल.

संगणकावर हेच होतं. वळणाच्या दोन टोकांना ‘नोड’ म्हणतात. आपण त्यांना गाठ म्हणू. प्रत्येक गाठीतून एक सरळ दांडी निघते, तिला ‘हँडल’ म्हणतात. दांडी ज्या दिशेला धरू, त्या दिशेने रेघ निघते. दांडी लांब केली की वळण जास्त फुगतं, आखूड केली की ते चपटं होतं. बस्स, एवढंच! सायकलचं हँडल जसं वळवाल तशी सायकल जाते ना? तसंच.

नवशिके इथे एक गडबड हमखास करतात. वळण नीट जमत नाही म्हणून गाठीवर गाठी मारत सुटतात. मग रेघ कच्च्या रस्त्यासारखी खडबडीत होते. खरी कला कमीत कमी गाठींत आहे. पूर्ण वर्तुळालासुद्धा चारच गाठी लागतात : सर्वांत वर, सर्वांत खाली, डावीकडे आणि उजवीकडे. त्रिज्या १०० असेल तर दांड्या साधारण ५५ लांबीच्या ठेवायच्या. गणिताच्या काटेकोर हिशोबाने हे शंभर टक्के वर्तुळ नसतं, पण चूक इतकी बारीक असते, की डोळ्याला ती कधी दिसणार नाही.

बेरीज-वजाबाकीतून बोधचिन्ह

दुसरी मोठी युक्ती म्हणजे आकारांची बेरीज-वजाबाकी. स्टेट बँकेचं निळं चिन्ह डोळ्यांपुढे आणा. शेखर कामत यांनी १९७१ साली ते तयार केलं. मोठं निळं वर्तुळ, मध्ये लहान गोल भोक आणि तिथून खालपर्यंत एक उभी फट. कुलपाचं किल्लीचं भोकच जणू! आता संगणकावर सरावासाठी ते असं करा. एक मोठं वर्तुळ काढा. त्याच्या मधोमध लहान वर्तुळ ठेवा. लहान वर्तुळापासून खाली जाणारा अरुंद आयत काढा. मग मोठ्या वर्तुळातून लहान वर्तुळ वजा करा आणि उरलेल्यातून आयत वजा करा. झालं! इंकस्केपमध्ये या आज्ञेला ‘डिफरन्स’ म्हणतात. खालच्या आकारातून वरचा आकार वजा होतो, एवढं ध्यानात ठेवा.

‘युनियन’ म्हणजे दोन आकार एकजीव करणं. ‘इंटरसेक्शन’ म्हणजे दोघांचा सामाईक भाग तेवढा ठेवणं. दोन सारखी वर्तुळं एकमेकांवर सरकवा आणि सामाईक भाग ठेवा. काय मिळालं? झाडाचं पान! कंपासने वहीत हे पान तुम्ही कितीदा काढलं असेल.

थोडक्यात, पण नेमकं

चांगलं बोधचिन्ह थोडं बोलतं, पण नेमकं बोलतं. २०१० साली स्वीकारलेलं आपलं रुपयाचं चिन्ह पाहा. ते डी. उदयकुमार यांनी केलं. त्यांनी मुंबईच्या आयआयटीत संकल्पनाचं शिक्षण घेतलं होतं. त्यात देवनागरी ‘र’ आहे, रोमन ‘आर’सुद्धा आहे आणि वर आपली शिरोरेघ आहे. मोजक्या रेघांत केवढा अर्थ! २०१४ साली स्वच्छ भारत अभियानासाठी देशभरातून बोधचिन्हं मागवली गेली, तेव्हा निवड झाली ती कोल्हापूरच्या अनंत खासबारदार यांच्या चिन्हाची. गांधीजींचा नुसता चष्मा! एका काचेवर ‘स्वच्छ’, दुसऱ्या काचेवर ‘भारत’. गांधीजींचा चेहरा काढायची गरजच पडली नाही.

रंगांचंही तसंच. जागतिक वन्यजीव निधीचा पांडा १९६१ सालचा. काळ्या-पांढऱ्या रंगात छापता येईल आणि छपाईचा खर्च वाचेल, हाही विचार तो निवडताना झाला होता. त्यातला बराचसा पांढरा भाग तर काढलेलाच नाही, तो आपला डोळा पूर्ण करतो. म्हणून कारागीर मंडळी सांगतात : चिन्ह आधी काळ्या रंगात करा. काळ्यात जमलं तर रंगात जमेलच. नुसत्या रंगावर उभं राहिलेलं चिन्ह झेरॉक्सवर आडवं होतं!

चला, स्वतःचं करून पाहू

समजा, तुमच्या शाळेच्या निसर्ग मंडळाला बोधचिन्ह हवं आहे.

१. आधी कागदावर निदान वीस लहान लहान चित्रं काढा. पहिली पाच सगळ्यांना सुचतात तशीच येतील. नवं काही असेल ते त्यानंतरच येईल.

२. एक कल्पना निवडा. उदाहरणार्थ, दोन पानं डावी-उजवीकडे झुकलेली. कोंब फुटल्यासारखी दिसतात आणि उघडलेल्या पुस्तकासारखीही!

३. निवडलेलं चित्र आलेखाच्या कागदावर नीट काढा, त्याचा फोटो घ्या आणि इंकस्केपमध्ये आणा. तो फिका करून खाली ठेवा आणि त्यावरून गिरवा. एक पान दोन वर्तुळांतून करा. दुसरं नव्याने काढू नका. पहिल्याची नक्कल करून आरशासारखी उलटवा. दोन्ही पानं तंतोतंत सारखी येतील.

४. मंडळाचं नाव देवनागरीत लिहा. छापायला देण्यापूर्वी अक्षरांवर ‘ऑब्जेक्ट टू पाथ’ ही आज्ञा चालवा. त्यामुळे अक्षरांचं चित्र होतं. नाहीतर तुमचा फाँट दुकानातल्या संगणकात नसला, की जोडाक्षरं मोडतात आणि ‘वृक्षमित्र’चं भलतंच काहीतरी छापून येतं. मात्र मूळ फाईलची एक प्रत वेगळी ठेवा. अक्षरांचं चित्र झाल्यावर शुद्धलेखन सुधारता येत नाही!

५. आता परीक्षा. चिन्ह नखाएवढं छापा. ओळखू येतं का? मोठं छापून व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला लावा. तिथून ओळखू येतं का? एखाद्या लहान मुलाला दोन सेकंद दाखवा आणि आठवणीने काढायला सांगा. त्याने जे सोडून दिलं, ते बहुधा तुम्हालाही सोडून देता येईल.

चिन्ह ठरलं की ते फलकावर, बिल्ल्यावर, पत्रावर सगळीकडे तसंच वापरायचं. तोच आकार, तोच रंग, तेच अक्षर. आज हिरवं, उद्या निळं असं करायचं नाही. लोक चिन्ह ओळखू लागतात ते त्याच्या सारखेपणामुळे. ‘ब्रँड’ ‘ब्रँड’ म्हणतात ना, त्याचा पाया हा.

उचलायचं नाही!

आता एक महत्त्वाची गोष्ट. इंटरनेटवर हजारो तयार चिन्हं दिसतात. शब्द सांगितले की चित्र काढून देणारे कार्यक्रमही आज आहेत. मग एवढा खटाटोप कशाला, असं वाटेल. पण बोधचिन्ह ही सही आहे. दुसऱ्याची सही आपण करत नाही! दुसऱ्याचं चिन्ह उचललं, तर बघणाऱ्याची फसवणूक होते आणि ज्याने मेहनत केली त्याच्यावर अन्याय होतो. नोंदलेल्या चिन्हांना आपल्या देशात १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्याचं संरक्षण आहे. हौसेने सिंहांची राजमुद्राही घालू नका. तिच्या वापरावर २००५ च्या कायद्याने बंधनं घातली आहेत. सरावासाठी जुनी चिन्हं जरूर गिरवा, कारण हात त्यानेच बसतो. पण गिरवलेलं वहीत राहू द्या. शाळेच्या फलकावर जाईल ते तुमचं स्वतःचं असावं. मग कुणी विचारलं, ‘ही रेघ इथेच का?’ तर तुम्हाला उत्तर देता येईल. उचललेल्या चित्राला ते उत्तर नसतं.

पालकांसाठी दोन शब्द

मुलगा किंवा मुलगी संगणकावर ‘चित्रं काढत बसते’ म्हणून लगेच रागावू नका. एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या ग्रेड परीक्षांत मुलं संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन करतात. वेक्टर चित्रकला हे त्याचंच पुढचं पाऊल आहे. पुढे शिकायचं ठरलं, तर मुंबईची सर ज. जी. उपयोजित कला संस्था, आयआयटीतला संकल्पन विभाग, अहमदाबादची राष्ट्रीय संकल्पन संस्था अशा वाटा आहेत. र. कृ. जोशी यांनी याच मुंबईत शिकवलं, आणि विंडोज संगणकावर आपल्यापैकी अनेकांनी वाचलेला ‘मंगल’ हा देवनागरी फाँट त्यांनी घडवला. त्यातलं प्रत्येक अक्षरसुद्धा अशाच गाठी आणि वळणांनी बनलेलं आहे! मात्र पडद्यासमोरचा वेळ ठरवून द्या आणि आधी कागद, मग संगणक हा क्रम पाळायला लावा.

तर मित्रांनो, येत्या रविवारी काटकोनातल्या त्या दोन रेघांनी सुरुवात करा. मग घराबाहेर पडून दहा पाट्या नीट बघा आणि कोणत्या चिन्हात किती वर्तुळं लपली आहेत, ते वहीत टिपा. आणि हो, शेजारच्या काकूंच्या पोळीभाजी केंद्राची पाटी धुरकट असेल, तर त्यांना विचारा, ‘काकू, मी नवीन करून देऊ का?’