गाडीचे ब्रेक : आधी तेल बघा, मग डिस्क



ऊस विकास अधिकाऱ्याने ब्रेकवर लिहावे याचे काहींना नवल वाटेल. पण गळीत हंगाम संपला की आपली मंडळी जीप-मोटारी काढून देवाला नाहीतर कोकणात निघतात, म्हणून लिहितो. गेल्या वर्षी मी चिपळूणला जाताना कुंभार्ली घाट उतरत होतो. गाडीत घरची पाच माणसे. निम्म्या घाटात पॅडल मऊ पडले आणि पार खाली टेकले. गिअर उतरवत, हँडब्रेक ओढत गाडी कशीबशी कडेला घेतली. तासाभराने बघतो तर ब्रेक पुन्हा नीट! खाली गॅरेजवाला म्हणाला, "साहेब, डिस्क बसवून घ्या."

दोष डिस्कचा नव्हता. पाच वर्षे ब्रेक ऑइल बदललेलेच नव्हते.

हे तेल हवेतली ओल धरते. पावसाळ्यात साखरेचे पोते उघडे राहिले की धरते तशी. घाटात ब्रेक तापतात, ओल धरलेले तेल लवकर उकळते आणि त्याची वाफ होते. तेल दाबले जात नाही, वाफ दाबली जाते. मग पाय दाबला तरी जोर चाकापर्यंत पोचत नाही. गार झाले की वाफेचे पुन्हा पाणी होते, आणि आपल्याला वाटते, काही झालेच नव्हते.

डॉट ३ तेल नवे असताना किमान २०५ अंशांपर्यंत टिकते, सुमारे पावणेचार टक्के पाणी मुरले की १४० पर्यंत. डॉट ४ चे हेच आकडे २३० आणि १५५. टाकीच्या झाकणावर जे लिहिले असेल तेच घालावे. डॉट ३ च्या जागी डॉट ४ बहुधा चालते. डॉट ५ मात्र सिलिकॉनचे, ते यात मिसळू नये, डॉट ५.१ वेगळे, नावाला फसू नका. दोन वर्षांनी तेल बदलून हवा काढून घ्यावी. फोडलेला डबा पुढच्या वर्षासाठी ठेवू नये.

एवढे करून, होस आणि लायनर बघून, तरीही घाटात ब्रेक कमी पडले तरच डिस्कचा विचार करावा. डिस्क लवकर गार होते, हा तिचा खरा फायदा. पण जोरात ब्रेक मारल्यावर चाक आत्ताच जाम होत असेल, तर मोठ्या डिस्कने गाडी लवकर थांबणार नाही. तिथे पकड टायरची लागते. शिवाय मास्टर सिलिंडर डिस्कला जुळणारा हवा. पुढच्या-मागच्या चाकांचा तोल बिघडून मागची आधी जाम झाली, तर गाडी गरकन फिरते. भंगारातली डिस्क आणून जोडणाऱ्या मिस्त्रीला हात जोडावेत.

आणि ट्रॅक्टरसाठी आणलेले तेल मोटारीच्या ब्रेकमध्ये ओतू नका. कित्येक ट्रॅक्टरचे ब्रेक गिअरच्या तेलात बुडालेले असतात, तो प्रकारच निराळा. त्या तेलाने मोटारीच्या ब्रेकची रबरे फुगतात. आमच्या गटातल्या एका सभासदाने पावशेरभरच ओतले होते. मास्टर सिलिंडरपासून चारही चाकांपर्यंत सगळी रबरे बदलावी लागली.

— ऊस विकास अधिकारी