बोट धक्क्याला, माणसं बाकावर

आमच्या रेणापूरकडे बोटीची सफर म्हणजे अजून अप्रूपच. लातूरची रात्रीची गाडी सकाळी मुंबईत उतरवते, बॅलार्ड पियर तिथून जवळच. दुपारी बाराला बोटीवर घेणार होते, घेतलं साडेचारला!

असं का होतं? आपल्याला नेणारी बोट बहुधा त्याच सकाळी आधीच्या उतारूंना घेऊन आलेली असते. ती माणसं उतरणार, सामान उतरणार, खोल्या झाडून चादरी बदलणार, भाजीपाला चढणार. मग आपली पाळी. बोटच उशिरा लागली की पुढचं सगळं सरकतं. कोकणातल्या जुन्या लोकांना याचं नवल नाही. मुंबई-गोवा बोटीच्या काळात कितीतरी बंदरांत बोट धक्क्याला लागतच नसे. उतारूंना पडावातून तिच्यापर्यंत जावं लागे.

आणि वाट पाहणं लातूरकराला कोण शिकवणार? २०१६ च्या एप्रिलमध्ये आम्ही मिरजेहून येणाऱ्या पाण्याच्या रेल्वेची वाट पाहिली. पण ती कधी निघाली, कुठवर आली, हे कळत तरी होतं. इथे साडेचार तास कुणी चकार शब्द काढला नाही. माझा राग उशिरावर नव्हता, या मौनावर होता. आईला साखरेचा त्रास, जेवणाची वेळ टळून चालत नाही. गोळ्या आणि दशम्या हातातल्या पिशवीत होत्या, म्हणून निभावलं.

मोठं सामान आधीच आत जातं. तेव्हा औषधं, ओळखपत्र, चष्मा जवळच ठेवा. बरोबर वयस्क माणूस असेल तर चाकांची खुर्ची पोचल्या पोचल्या मागा. दोनदा मागावी लागते.