सेंट्रलचा आकडा

सकाळी साडेसहाला वहिनींचा फोन आला. "भावोजी, यांचा मेंदू झोपेत श्वास घ्यायला विसरतो म्हणे. मोबाइलवर तसं आलंय."

दादाला सीपॅप मशीन लावून तेव्हा नऊ रात्री झाल्या होत्या. झोपेच्या तपासणीत त्याचा श्वास तासाला ३८ वेळा अडत होता. मशीन लावल्यावर तो आकडा ७ वर आला, घोरणं थांबलं, दुपारी वर्तमानपत्र वाचता वाचता मान पडायची तीही थांबली. पण त्या सातांपैकी पाचांपुढे 'सेंट्रल' असं लिहून येत होतं. अडतीसचे सात झाले याचा आनंद कुणालाच झाला नाही. सगळं घर त्या पाचांपाशी अडकलं.

झोपेत श्वास किमान दहा सेकंद थांबला की त्याला ॲप्निया म्हणतात. श्वास नुसता उथळ झाला तर हायपोप्निया. दोन्ही मिळून तासाला किती, तो आकडा म्हणजे एएचआय. पाचच्या आत ठीक, तीसच्या वर गंभीर. यातला ऑब्स्ट्रक्टिव्ह ॲप्निया म्हणजे घसा मिटणं. छाती-पोट जोर लावत असतात, पण हवेला वाट नसते. सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी नाकावाटे सतत दाबाची हवा देऊन हा घसा उघडा ठेवता येतो हे दाखवलं. १९८१ साली 'लॅन्सेट'मध्ये पाच रुग्णांवरचा तो अनुभव छापून आला आणि सीपॅपचा जन्म झाला. सेंट्रल ॲप्निया वेगळा. तिथे वाट मोकळी असते, पण श्वास घेण्याचा हुकूमच मेंदूकडून येत नाही, त्यामुळे छातीही हलत नाही.

आता खरा प्रश्न असा की, हे मशीनला कळतं कसं? तपासणीच्या रात्री छातीला आणि पोटाला पट्टे बांधतात, डोक्याला तारा चिकटवतात. घरच्या मशीनकडे यातलं काही नसतं. त्याच्याकडे असते एक नळी आणि त्या नळीतल्या हवेचा दाब व प्रवाह. श्वास काही सेकंद आला नाही की मशीन नळीतून हवेचे बारीक हेलकावे सोडतं. काही मशीन सेकंदाला चारच्या वेगाने अगदी हलके हेलकावे देतात, काही एखाद-दोन झुळका मारतात. घसा मिटलेला असेल तर हवा अडते, उघडा असेल तर आत शिरते. बंद दारावर टिचकी मारून आवाजावरून अंदाज घ्यावा, तसाच हा प्रकार. हवा आत गेली की मशीन नोंद करतं : वाट मोकळी, श्वास नाही. काही कंपन्या म्हणूनच 'सेंट्रल' न लिहिता 'क्लिअर एअरवे' लिहितात, आणि मला तेच जास्त प्रामाणिक वाटतं. श्वास का थांबला, हे मशीनला कळलेलं नसतं. माणूस झोपलेला होता की जागा, हेदेखील नाही.

हा शेवटचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. आज रात्री कूस बदलताना स्वतःकडे लक्ष द्या. उशी सारखी करेपर्यंत, पांघरूण ओढेपर्यंत आपण श्वास धरून ठेवतो. एखादा मोठा सुस्कारा टाकला की पुढचा श्वास उशिरा येतो. डोळा लागतानाही श्वासाची लय जराशी चुकते. मशीनच्या हिशेबात हे सगळं 'सेंट्रल'मध्ये जमा होतं.

दादाच्या मशीनचं कार्ड डॉक्टरांनी संगणकाला लावलं तेव्हा मी शेजारी बसलो होतो. एकेका श्वासाची लाट पडद्यावर दिसत होती. रात्रभर लाटा एकसारख्या. दोन ते पावणेतीन एवढ्या वेळात मात्र सेंट्रलच्या खुणांची गर्दी. प्रत्येक खुणेच्या आधी दोन-तीन उंच, वेड्यावाकड्या लाटा, मग सपाट रेघ, आणि त्या रेघेवर मशीनच्या हेलकाव्यांची बारीक थरथर. दादा म्हणाला, "तेव्हा मी बाथरूमला उठलो होतो. परत आल्यावर झोपच लागेना." बऱ्याच खुणांचा उलगडा तिथेच झाला.

सगळ्यांचा मात्र झाला नाही. उरलेल्यांचं कारण रक्तातल्या कार्बन डायऑक्साइडमध्ये होतं. झोपेत श्वासाची दोरी बरीचशी त्याच्या हातात असते. गच्चीवरच्या टाकीत पाणी उतरलं की पंप आपोआप सुरू होतो, टाकी भरली की थांबतो. कार्बन डायऑक्साइड वाढला की श्वास, एका मर्यादेखाली गेला की विश्रांती. वर्षानुवर्षं अडखळत श्वास घेणाऱ्या माणसाची वाट मशीनने एकदम मोकळी केली की थोडे जादा श्वास घेतले जातात, वायू त्या मर्यादेखाली जातो आणि श्वास थबकतो. दाब गरजेपेक्षा जास्त असेल, मास्क गळत असल्याने सारखी जाग येत असेल, तर हे आणखी वाढतं. उपचारातून उद्भवणाऱ्या या प्रकाराला २००६ साली मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी 'कॉम्प्लेक्स स्लीप ॲप्निया' म्हटलं. मशीन लावणाऱ्या शंभरातल्या साधारण पाच ते पंधरा जणांत तो दिसतो आणि बहुतेकांत दोन-तीन महिन्यांत आपसूक ओसरतो. दादाच्या डॉक्टरांनी मास्कची मापं बदलली, दाबाची वरची मर्यादा थोडी उतरवली आणि थांबायला सांगितलं.

पण सगळे सेंट्रल असे निरुपद्रवी नसतात. श्वास हळूहळू चढत जातो, मग उतरत उतरत थांबतो, पुन्हा चढतो, अशी ओळीने आवर्तनं दिसली तर गोष्ट गंभीर. डब्लिनच्या जॉन चेन यांनी १८१८ साली आणि विल्यम स्टोक्स यांनी १८५४ साली हा श्वास नोंदवला, म्हणून तो चेन-स्टोक्स. कमजोर हृदयाच्या रुग्णांत तो आढळतो. कधी मशीनमुळेच हृदयाचा आजार पहिल्यांदा लक्षात येतो. अफूवर्गातली वेदनाशामकं आणि पक्षाघात हीदेखील सेंट्रलची कारणं आहेत. लेहसारख्या साडेतीन हजार मीटर उंचीच्या गावी तर निरोगी माणसाचाही झोपेतला श्वास असा हेलकावतो. लडाखच्या सहलीतल्या आकड्यांवरून घाबरू नये, ते एवढ्यासाठी.

इथे स्वतःच्या मनाने काही करणं धोक्याचं. दाब वाढवला तर सेंट्रल कमी न होता वाढूही शकतात. त्यांच्यासाठी एएसव्ही नावाचं जास्त हुशार मशीन असतं, पण २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या 'सर्व्ह-एचएफ' या १,३२५ रुग्णांच्या अभ्यासात, हृदयाची पंपिंगक्षमता ४५ टक्के किंवा त्याहून कमी असलेल्यांमध्ये त्या मशीनने हृदयविकाराचे मृत्यू वाढलेले आढळले. म्हणून त्याआधी हृदयाचा इको झालाच पाहिजे.

तिसऱ्या महिन्यात दादाचा सेंट्रलचा आकडा दीडच्या आत आला. वहिनी अजूनही रोज मोबाइल बघतात, पण आता आठवड्याची सरासरी बघतात.

तुमच्या घरी हे मशीन असेल तर एका रात्रीच्या आकड्यावरून ते बंद करू नका. पाचांहून जास्त सेंट्रल दोन-तीन आठवडे टिकले, धाप लागत असेल, पायांवर सूज असेल किंवा हृदयाचं जुनं दुखणं असेल, तर कार्ड आणि चालू औषधांची यादी घेऊन डॉक्टरांकडे जा, आणि नुसता आकडा न विचारता रात्रीचा पूर्ण आलेख उघडून दाखवायला सांगा.